हळू किती चालते?

“साहेब, ही गाडी हळू किती चालते?”

मास्तरांनी असं विचारलं तेव्हा शोरूममधल्या टायवाल्याला वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. त्याने हसून सांगितलं की काका, भरलेली असली तरी ऐंशीला हलत नाही. मास्तर म्हणाले, तसं नव्हे, जोरात किती ते तुम्ही मघाशीच सांगितलंत. हळू किती?

मी खुर्चीत अंग चोरून बसलो. सांगलीत, एसीत, काचेच्या टेबलापाशी, पाहुण्यासारखा कपबशीतून चहा दिलेला असताना सख्ख्या चुलत्याने असा प्रश्न विचारावा, म्हणजे अब्रूचं खोबरंच की. टायवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. आमचा पांडबा तेवढा बशीत बिस्कीट बुडवत निवांत बसला होता.

या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. मास्तर म्हणजे शिदूमास्तर अवघडे. मिरजेच्या पूर्वेला आमचं गाव, आणि ‘श्री सिद्धनाथ ब्रास बँड’ हा आमच्या घरचा धंदा. घरी मी त्यांना तात्या म्हणायचो, पण अंगावर लाल कोट चढला की तात्या संपले आणि मास्तर सुरू झाले. खुद्द माझी काकीसुद्धा लग्नसराईत नवऱ्याला मास्तरच म्हणायची. मास्तर क्लॅरनेट वाजवायचे, मी साईड ड्रम, पांडबा ढोल. सगळे मिळून आम्ही अकरा जण, आणि आमच्यापुढे चार पावलं मास्तर. त्या चार पावलांच्या जागेत कुणी यायचं नाही असा दंडक होता. नवऱ्याचा मामा पिऊन नाचत नाचत तिथे घुसलाच, तर पांडबा त्याला ढोलासकट पोटाने बाजूला सारायचा.

आम्हाला शिकवताना मास्तर एकच गोष्ट शंभरदा सांगायचे. चाल तोंडातनं येत न्हाई, पायातनं येते. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला कोटी करायची हौस आहे. पण खरंच ते आधी चालून दाखवायचे आणि मग वाजवायचे. पाऊल पडेल तसा सूर.

त्या वर्षी संक्रांतीच्या सुमारास मास्तरांचा उजवा गुडघा गेला. मिरजेच्या डॉक्टरने फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं, वाटी झिजली आहे, चालणं कमी करा, चढ तर अजिबात नको. बँडच्या मास्तरला चालू नको म्हणणं म्हणजे भटजीला बोलू नको म्हणण्यासारखं आहे. काकी रडली. मास्तरांनी त्या दिवशी क्लॅरनेट पुसायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. वैशाखातल्या तारखा ठरलेल्या होत्या. मास्तर पुढे चालणार का घरी बसणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो कुणी तोंडातून काढत नव्हतं.

मग मीच काढला. म्हणजे प्रश्न नाही, उत्तर काढलं. तेव्हा आमचा स्पीकर आणि मशीन एका ढकलगाडीवर असायचं आणि ती एक जण ढकलायचा. आजूबाजूच्या बँडवाल्यांनी मात्र पिकअप घेतल्या होत्या. वर मोठाले बॉक्स आणि मागे ट्रॉलीत जनरेटर. मी सगळ्यांना सिद्धनाथाच्या देवळात बसवलं आणि म्हणालो, आपण पिकअप घेऊ. जनरेटरची ट्रॉली मागे लावू. आणि बॉक्सच्या पुढे, केबिनच्या वर, मास्तरांसाठी एक खुर्ची वेल्डिंग करून बसवू. मास्तर राजासारखे वर बसून वाजवतील, गुडघ्याचाही प्रश्न मिटला आणि बँडही मोठा झाला.

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या हंगामात हाताला येईल ते गाडीत घालायला प्रत्येक जण तयार झाला, आणि त्यातल्या दोघांची घरं गळत होती. बँडमध्ये पहिल्यांदाच लोकांनी मास्तरांच्या आधी माझं ऐकलं होतं. खोटं कशाला बोला, मला ते गोड लागलं.

मास्तर एवढंच म्हणाले, “घ्या. पण गाडी बघाय मी येणार.”

म्हणून ते सांगलीला आले होते. मुलगी बघायला आल्यासारखे धुतलेलं धोतर, टोपी आणि खिशात पेन. लिहिता येत होतं सहीपुरतं, पण पेन होतं.

शोरूमला दोन गाड्या होत्या. एक पांढरी, नव्या धाटणीची, तोंड जरा निमुळतं, आत बसलं की जीपड्यात बसल्यासारखं वाटायचं नाही. दुसरी हिरवी. जुनं मॉडेल, एकच शिल्लक राहिलेलं. विटा आणि वाळू वाहणारे लोक घेतात, असं टायवाला जरा नाक मुरडूनच म्हणाला. तो मुलगा बोलायला पटाईत होता. पांढरी अ‍ॅव्हरेज किती देते, तर चौदा. हिरवी किती, तर नऊ, फार तर दहा. ओढायला पांढरीचं इंजिन नवं, ट्रॉलीसकट दीड टन आरामात ओढेल, आणि टोइंगचा हूक कंपनीकडूनच येतो.

“म्हणजे टोचन,” पांडबाने मास्तरांना समजावलं.

मास्तरांनी कप खाली ठेवला. टोचन हा शब्द आमच्याकडे कुणाला चांगला लागत नाही. बंद पडलेल्या गाडीला दोर बांधून दुसरी गाडी ओढून नेते, ते टोचन. ज्याला टोचन लागलं त्याची गावभर शोभा होते, आणि बँडच्या गाडीला वरातीत टोचन लागलं तर पुढची दहा वर्षं लोक तेच सांगतात. मास्तरांनी टायवाल्याला विचारलं की नव्या गाडीला आधीच टोचनाची सोय करून देताय, म्हणजे तुम्हालाच खात्री दिसत न्हाई. टायवाल्याने कपाळाला हात लावला. मी मधे पडून सांगितलं की तात्या, ही गाडी दुसऱ्याला ओढणार आहे, हिला कुणी ओढणार नाही. ते म्हणाले, बघू.

आणि मग त्यांनी तो हळू किती चालतेचा प्रश्न टाकला.

टायवाला म्हणाला, चला, चालवूनच बघा, हायवेला एक चक्कर मारू. मास्तर म्हणाले, हायवेला नको, इथंच मागं पटांगणात चालवा. मी पुढं चालतो. तुम्ही माझ्या मागनं या.

गाड्या धुवायची मोकळी जागा होती मागे. भर उन्हात मास्तर पुढे उभे राहिले आणि त्यांच्या पाठीमागे पांढरी गाडी. आत टायवाला, शेजारी मी. मास्तरांनी तोंडाने आपली चाल धरली. तिला नाव नव्हतं, ती त्यांनी स्वतः बांधलेली होती, नवऱ्याला मारुतीला नेताना वाजवायची. धीमी आणि ठसठशीत. उजवा पाय जरा ओढत, डावा टेकत ते चालू लागले.

टायवाल्याने पहिला गिअर टाकून क्लच सोडला. गाडी तीन ढांगांत मास्तरांच्या टाचांना जाऊन भिडली. त्याने क्लच दाबला, गाडी थांबली. सोडला, गाडी उडी मारून पुन्हा मागे. तो घामाघूम झाला. म्हणाला, हाफ क्लचवर चालवायची, सवय होते. मास्तरांनी मागे वळून सुद्धा पाहिलं नाही. भिंतीपर्यंत गेले आणि म्हणाले, आता ती हिरवी आणा.

हिरवीचा पहिला गिअर टाकून टायवाल्याने क्लच सोडून दिला, आणि ती आपली आपण डुलत, घुरघुरत मास्तरांच्या मागे निघाली. म्हैस जशी धन्यामागे पाण्याला जाते, तशी. दोघांच्यात चार पावलांचं अंतर होतं आणि भिंत येईपर्यंत ते चारच राहिलं.

“ही घ्या,” मास्तर म्हणाले.

पांडबा म्हणाला, रंग बरा नाही. टायवाला म्हणाला, काका, हे मॉडेल बंद होणार, पुढे विकायला गेलात तर कुणी विचारणार नाही. मी म्हणालो, तात्या, अ‍ॅव्हरेज नऊ आहे. आपण वर्षाला किती फिरतो, कुठे जत, कुठे आटपाडी, एकेका लग्नाला सत्तर सत्तर किलोमीटर. चौदा आणि नऊमध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे. मी हे सगळं जरा मोठ्या आवाजात बोललो, कारण टायवाला ऐकत होता.

मास्तर शांतपणे म्हणाले, “त्या सत्तर किलोमीटरात आपल्याला कोण बघतंय? लोक बघत्यात ते मांडवापासनं मारुतीपतोर.”

मी म्हणालो, मारुतीपर्यंत सातशे फूट असतात तात्या, सातशे फुटांसाठी कुणी गाडी घेत नाही. टायवाला मनापासून हसला. मला बरं वाटलं. मास्तरही जरासे हसले, टोपी काढली, पुसली आणि परत घातली. म्हणाले, पैसे तुम्ही सगळ्यांनी घातलेत, तुझं ऐकून घातलेत, तूच ठरव.

मी पांढरी ठरवली.

अक्षय तृतीयेला जतकडच्या एका गावात मोठं लग्न होतं. नवऱ्याकडचे लोक बागायतदार, द्राक्षाचे मळे, खर्चाला मागेपुढे न पाहणारे. आमच्या गाडीची ती पहिली सुपारी. सकाळी सिद्धनाथापुढे नारळ फोडला, बोनेटला झेंडूचा हार घातला. वेल्डिंगवाल्याने खुर्ची झकास केली होती. लाल रेक्झिनची गादी, टेकायला पाठ, पुढे माईकची नळी. काकीने त्या गादीला हात लावून बघितलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, पोरा, तू म्हाताऱ्याचा जीव वाचवलास. मी संकोचल्यासारखं केलं.

रस्त्याने गाडी लोण्यासारखी चालली. मागे जनरेटरची ट्रॉली, वर बॉक्स, हौद्यात नऊ जण, तरी चढाला दम लागला नाही. मी मधे मधे काट्याकडे बघत होतो आणि शेजारी बसलेल्या मास्तरांना अ‍ॅव्हरेज समजावून सांगत होतो. ते हं हं म्हणत बाहेर बघत होते.

आमच्याकडे लग्नाआधी नवऱ्याला घोड्यावर बसवून वाजतगाजत गावच्या मारुतीला नेतात, त्याला परण्या म्हणतात. लग्न गोरज मुहूर्तावर होतं, म्हणून परण्या चारला काढायचा ठरला. लाल कोट चढले. मी ड्रम एका पाहुण्या वाजवणाऱ्याला दिला होता, कारण गाडी मी चालवणार होतो. जनरेटर सुरू केला, बॉक्स घुमले, गावातली पोरं जमली. मी हौद्यात चढून मास्तरांना हात दिला.

“या मास्तर, बसा.”

मास्तरांनी खुर्चीकडे पाहिलं. मग हातातल्या क्लॅरनेटची पट्टी जिभेने ओली केली.

“वरातीत बसून दोघंच जात्यात,” ते म्हणाले. “नवरा आणि नवरी. माझं लगीन झालंय.”

सगळे हसले. मीही हसलो, पण मला राग आला होता. ज्या गोष्टीसाठी अकरा जणांनी पोटाला चिमटा घेतला ती गोष्ट हा माणूस एका कोटीवर उडवतोय. मी खाली उतरलो, त्यांना बाजूला घेतलं आणि डॉक्टरचं सांगितलं, काकीचं सांगितलं. ते म्हणाले, जालिंदर, मास्तर पुढं चालतो म्हणून मास्तर असतो. वर बसला तर तो कोण? आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून, डावा पाय टेकत, उजवा ओढत गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले. आमचे वाजवणारे त्यांच्या मागे दोन रांगांत, आणि रांगांच्या मागे मी.

मारुतीपर्यंतचा रस्ता अर्धा सपाट होता. तिथे काही वाटलं नाही. चार फूट जायचं, थांबायचं, लोक नाचले की पुन्हा चार फूट. पण वेशीपासून पुढे चढ लागला. त्या गावचा मारुती टेकाडावर. सुपारी घेताना हे कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलायची, मागे जनरेटरची ट्रॉली, आणि पुढे माणसं गोगलगायीच्या वेगाने. प्रत्येक वेळी अर्धा क्लच, वर अ‍ॅक्सिलेटर. पाचव्या सहाव्या वेळी मला वास आला. ज्याने गाडी चालवली आहे त्याला तो वास सांगावा लागत नाही. क्लच प्लेट जळायला लागली की करपलेल्या वासाचा एक भपका नाकात शिरतो. घरून निघून पाच तास झाले होते. बोनेटवरचा हार अजून ताजा होता.

ब्रेकवर पाय ठेवून मी बसलो. मागून नवऱ्याकडचे ओरडायला लागले, गाडी घ्या, गाडी घ्या. पुन्हा उचलली, पुन्हा भपका. आता काचेसमोर हलका धूर दिसत होता. गाडी बंद पडली तर बॉक्स, ट्रॉली, सगळं चढावर आडवं. मग ट्रॅक्टर बोलवायचा, दोर बांधायचा. अक्षय तृतीयेला, सिद्धनाथ ब्रास बँडच्या नव्या गाडीला, पहिल्याच दिवशी टोचन. मी मनात मारुतीचं नाव घेतलं.

तेवढ्यात मास्तरांनी एकदाच मागे वळून पाहिलं. क्लॅरनेट तोंडातच होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बोनेटकडे पाहिलं, आणि नाक जरासं वर केलं. मग पुन्हा पुढे तोंड केलं आणि चाल बदलली.

तीच चाल, पण दुप्पट वेगाने. जिला धीमी म्हणून सगळा मुलूख ओळखायचा, ती त्यांनी अशी उडवली की पांडबाचा पहिला ठोका चुकला. दुसऱ्या ठोक्याला त्याने धरलं. ट्रंपेटवाले धावत सुटले. नाचणाऱ्यांना काय, निमित्तच पाहिजे होतं. नवऱ्याच्या मामाने टोपी भिरकावली. पोरं उड्या मारत वर निघाली, घोडं फुरफुरत त्यांच्या मागे, आणि सगळा परण्या चढावर असा चालला की बायकांना पदर खोचावा लागला.

मी क्लच सोडून दिला. पूर्ण सोडला. पांढरी आपल्या पहिल्या गिअरच्या मूळ वेगाने, न थांबता, न उचकता, सरळ वर चढत गेली. धूर गेला, वास गेला. पुढे मास्तर आणि मागे गाडी, मधे तेवढंच अंतर. मला वाटलं, म्हातारा आज रंगात आलाय. मोठ्या गाडीचा, मोठ्या आवाजाचा त्याच्याही अंगात संचार झाला. मी स्टीअरिंगवर बोटांनी ताल धरला. खरंच धरला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मांडवापासून मारुतीपर्यंत दीड दोन तास लागतात, आम्ही पाऊण तासात पोचलो. भटजी अजून चहा पीत होते. नवरीचा बाप आनंदाने येऊन म्हणाला, आमच्या गावात आजवर एकही लग्न मुहूर्तावर लागलं नाही, आज लागणार. लोक गाडीभोवती जमले. कुणी बॉक्स किती वॅटचे विचारतंय, कुणी अ‍ॅव्हरेज विचारतंय. मी चौदा सांगत होतो. चढावरसुद्धा थांबली नाही राव, असं एक जण म्हणाला आणि माझी छाती फुगली. मी खिडकीत कोपर टेकून उत्तरं देत राहिलो.

पांडबा आला आणि त्याने मला दंडाला धरून खाली उतरवलं. ढोल त्याच्या गळ्यात नव्हता. परण्यात त्याला मी कधी ढोलाशिवाय पाहिलं नव्हतं.

मास्तर देवळाच्या मागच्या पायरीवर बसले होते. टोपी शेजारी. लाल कोटाची बटणं उघडी आणि आतला सदरा पिळून काढावा इतका ओला. उजवा पाय पुढे पसरलेला, धोतर वर घेतलेलं, आणि गुडघा सोललेल्या नारळाएवढा झालेला. ते तोंडाने श्वास घेत होते. इतका वेळ न थांबता वाजवून त्यांचे ओठ फुटले होते, आणि क्लॅरनेटच्या पट्टीला रक्त लागलं होतं.

मी म्हणालो, “तात्या.”

अंगावर लाल कोट असताना मी त्यांना तात्या म्हणालो, ते पहिल्यांदाच.

त्यांनी वर पाहिलं. “जळली न्हाई न्हवं?”

“काय?”

“तुझी ती प्लेट.”

मी मान हलवली. मग मी म्हणालो, कशापायी पळालात, गाडी बंद पडली असती तर पडली असती, मी ट्रॅक्टर आणला असता. असं बरंच काही बोललो, बहुतेक ओरडलोच. पांडबाने मला थांबवलं नाही. मास्तरांनी श्वास पुरेपर्यंत वाट पाहिली.

“पयल्याच दिवशी टोचन लागलं असतं,” ते म्हणाले, “तर पुढं बँडात तुझं कुणी ऐकलं नसतं.”

मग फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवून म्हणाले, “माझं काय, माझं ऐकून झालं लोकांचं.”

परतीच्या वाटेवर त्यांना हौद्यातून वर चढवून त्या लाल गादीच्या खुर्चीत बसवावं लागलं, कारण केबिनमध्ये पाय दुमडत नव्हता. वरात संपली होती, बॉक्स बंद होते. सत्तर किलोमीटर ते त्या खुर्चीत बसून आले आणि वाटेत त्यांना कुणी बघितलं नाही.

त्यानंतर मास्तर कुठल्या परण्याला गेले नाहीत. काठी घेऊन सिद्धनाथापर्यंत जायचे, बस्स. नऊ वर्षांनी वारले. त्या नऊ वर्षांत मला हिरव्या गाडीवरून, पांढऱ्या गाडीवरून किंवा सातशे फुटांवरून एक अवाक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. काकीने मात्र तोंडावर सांगितलं होतं, आणि ते मी इथे लिहीत नाही.

आमचं काय झालं म्हणाल, तर भलं झालं. त्या लग्नापासून ‘वेळेवर पोचवणारा बँड’ म्हणून आमचं नाव झालं. लोक सुपारी देतानाच बजावतात, ती जतला वाजवलेली फास्ट चाल पाहिजे. आम्ही वाजवतो. आता तीच आमची ओळख आहे. ती मुळात धीमी होती हे आता बँडात फक्त पांडबाला आणि मला ठाऊक आहे, आणि पांडबाला हल्ली कमी ऐकू येतं. बँडमध्ये मला मास्तर म्हणतात. पांढरीने शेवटपर्यंत चौदा दिलं.

गेल्या महिन्यात तिला विकायचं ठरलं. माझी थोरली मुलगी सारिका आता कीबोर्ड वाजवते आणि बँडचा कारभार बघते. ती मला नव्या गाडीसाठी सांगलीला घेऊन गेली. शोरूम तेच, टायवाला दुसरा. त्याने ओढायची ताकद सांगितली, अ‍ॅव्हरेज सांगितलं, सारिकाने मोबाइलवर लिहून घेतलं. काका, तुम्हाला काही विचारायचंय का, म्हणाला.

मी विचारलं, “हळू किती चालते?”

सारिकाने छताकडे पाहिलं. पण हा मुलगा हसला नाही, भला होता. वही पुढे ओढून म्हणाला, काका, हळू म्हणजे नक्की किती हळू? जरा दाखवता का?

मी उठलो. मागच्या पटांगणात जाऊन उन्हात उभा राहिलो, तोंडाने ती धीमी चाल धरली आणि चालायला लागलो. दहा पावलं गेलो, थांबलो, परत येऊन पहिल्यापासून सुरुवात केली. तीनदा केली. पण माझे दोन्ही गुडघे चांगले आहेत. तितकं हळू मला चालता आलं नाही.